टोलनाक्यावरची दुसरी कारकून

बक्स्टनच्या डेपोतून रात्री अकराला निघतो मी,
पाठीशी नऊ टन मीठ.
इथे उणे तीन, अ‍ॅक्स एजवर उणे पाच सांगितलंय.
मागे गरगरणारी चकती, पायाशी हीटर,
आणि शेजारच्या सीटवर बुटांचा खोका,
डेरेक ओलेरेनशॉनं निवृत्तीच्या दिवशी हातात कोंबलेला:
एकतीस सीड्या, प्रत्येकीवर त्याचं तिरकं अक्षर.
म्हणाला, चौदा ते एकोणीस आधी. सलग.
बाकीच्या मग कशाही ऐक.

मालिका इथे सगळ्यांनाच पाठ.
आकाशगंगेच्या टोकाला एक टोलनाका,
दर चार-पाच वर्षांनी बदलणारा नाकेदार
आणि कधीच न बदललेली, हलणारी पुठ्ठ्याची भिंत.
मी ती पाहिली डेरेकच्या सोफ्यावर,
चिप्स आणि मऊ शिजलेले मटार खात,
निम्मे विनोद न कळता.

पण चौदावी सीडी नाकेदाराची नाहीच.
ती इम्काची. दुसऱ्या कारकुनाची.
टीव्हीवर तिच्या वाट्याला सगळी मिळून अकरा मिनिटं:
शिक्के मारले, चहा दिला, एकदा "मागे बघा!" ओरडली,
आणि सत्त्याहत्तर साली एका शनिवारी
दार बंद झालं तिच्यावर.
तिनं डोळे मिटेपर्यंतही कॅमेरा थांबला नाही.

कुणाच्या तरी मनाला ते लागून राहिलं असणार.
चाळीस वर्षांनी त्यानं एका खोलीत चार माइक मांडले,
तीच बाई शोधून आणली, खुर्ची दिली,
आणि विचारलं, दाराच्या पलीकडे काय होतं?

पलीकडे सहा सीड्या होत्या.

आणि काय थाट!
पडद्यावर ज्यांना तीन जहाजं परवडत नव्हती
त्यांनी इथे दहा हजारांचा ताफा उतरवला,
खर्च: पत्र्याचा डबा, मूठभर खडे, कुणाचा तरी घसा.
एक न्यायाधीश आहे, जो म्हणजे नुसता वास.
शपथेवर सांगतो, मला तो ऐकू आला.
याला अंधार लागतो फक्त,
आणि अंधार माझ्याकडे पोत्यानं आहे.
हेडलाइटमध्ये मेंढ्यांचे डोळे पेटतात,
आपण कुठल्या ग्रहावर गिअर बदलतोय
तेवढ्यापुरतं सांगवत नाही.

इम्का तिशीची. बोलणं तिशीचं, तोरा तिशीचा.
पण दोन वाक्यांच्या मधे श्वास येतो तो सत्तरीचा,
दोन जिने चढून आल्यासारखा.
आधी खटकायचा.
आता मी त्या श्वासाचीच वाट बघतो.
एवढं अंतर तुडवत आलेल्या बाईला
धाप लागणारच की.

काल एकोणिसावी.
ती परत त्या दाराशी पोचलीये, आतल्या बाजूनं,
आणि बाहेरून कोवळा आवाज विचारतो, कोण?
मी कानांत प्राण आणलेले,
तर मागे चकतीची खडखड,
मडगार्डवर मीठ ताडताड.
बंद केली चकती. तेवढ्यापुरतीच.
तिनं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.
टीव्हीवर कुणी विचारलंच नव्हतं.
मग दार उघडलं.
तोच सुस्कारा, सत्त्याहत्तरचा, जरासा घसरणारा.

नाक पुसलं तेव्हा ध्यानात आलं,
मागे सहाशे मीटर रस्ता कोरा.
वळायला जागा नाही त्या वाटेवर.
फ्लॅश गावापर्यंत गेलो, वळलो, उलटा आलो,
खिडकी खाली करून, प्लेअर बंद ठेवून.
मीठ पडत होतं बर्फावर.
सतराव्या सीडीत काचेचा पाऊस पडतो ना, डिट्टो तसं.
कदाचित त्यांनी मीठच वापरलं असेल.

सकाळी सातला फोन केला.
ग्लेनिस म्हणाली, झोपलेत.
तिच्या मागून त्याचा आवाज, दार उघडलं का?
उघडलं, म्हटलं.
जरा वेळ नुसती घरघर.
मग म्हणाला, आता बाविसावी घे.
तिच्यात तो शिपाई आहे, कंदील धरणारा.
तीन मिनिटांचा.